रॉबेर पिरेस : अठराव्या मिनिटाला बाहेर काढलं, ते बरोबर होतं का?

उशिराची_लोकल | 17 मे, रात्री 10:20

आज 17 मे. आर्सेनलवाल्यांना तारीख सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी: 2006 ची चँपियन्स लीग फायनल, पॅरिसजवळचं स्ताद द फ्रान्स, लंडनच्या आर्सेनलसमोर बार्सिलोना, आणि आर्सेनलकडे फ्रेंच विंगर पिरेस.

मी तेव्हा सुट्टीत नगर जिल्ह्यात मामाकडे होतो. आपल्याकडे मॅच सुरू झाली रात्री सव्वाबाराला. आजी उठेल म्हणून आवाज पूर्ण बंद. दहा-बारा मिनिटं झाली असतील, लाइट गेली. तेव्हाचं भारनियमन आठवत असेलच. मामाचा टॉर्च घेऊन मी पंख्यावर मारत बसलो, पातं हललं की लाइट आली असं समजायचं. लाइट आली तेव्हा स्कोअर 0-0, आर्सेनलचे दहा जण आणि पिरेस बाकावर. मी धरून चाललो की लाल कार्ड पिरेसलाच मिळालं. मध्यंतरापर्यंत त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

मध्यंतरात रीप्ले दाखवला तेव्हा उलगडा झाला. लाल कार्ड गोली लेमनला, 18 व्या मिनिटाला, बार्सिलोनाच्या एतोला पाडलं म्हणून. बदली गोली अल्मुनियाला आत घ्यायचं तर मैदानातला एक जण बाहेर जायला हवा. आर्सेनलचा कोच वेंगरने निवडला पिरेस.

सहा वर्षं, 284 मॅच, 84 गोल. आणि शेवट असा: मायदेशात, फायनलला, घामही न येता परत बाकावर. त्यानंतर तो आर्सेनलकडून कधी खेळलाच नाही, त्याच उन्हाळ्यात स्पेनला गेला.

माझा प्रश्न एवढाच, वेंगरचं बरोबर होतं का? आणि दुसरं, पिरेसचं नाव काढलं की लोक तीनच गोष्टी सांगतात: तो पेनल्टीचा घोळ, तो गुडघा आणि ही फायनल. तिन्ही बिघडलेल्याच. एवढ्या देखण्या खेळाडूची आठवण अशी का राहावी?

खडूस_गनर | 10:31

बरोबर होतं. दहा जणांनिशी 76 व्या मिनिटापर्यंत 1-0 ने पुढे होतो. धागा बंद करा.

चौथा_रेफरी | 10:38

गोली बदललेला दिसला नाही तुला? अल्मुनिया आणि लेमन यांच्यात काडीचं साम्य नाही.

उशिराची_लोकल | 10:41

@चौथा_रेफरी, गोलीकडे कोण बघतं हो.

कोपऱ्यातला_बाक | 10:52

@खडूस_गनर, निकालावरून निर्णय ठरवायचा तर 2-1 हरलो हाही निकालच आहे की. कॅम्पबेलचं हेडर 37 व्या मिनिटाला, हेन्रीच्या फ्री-किकवर. म्हणजे गोल सेट-पीसमधून (थांबलेल्या बॉलवरून) आला, पिरेस नसण्याशी त्याचा काय संबंध? उत्तरार्धात बॉल पुढे गेला की लगेच परत यायचा. तो धरून ठेवणारा माणूस हवा होता, आणि तो माणूस बाकावर ट्रॅकसूट घालून बसला होता.

खडूस_गनर | 10:57

बॉल धरायला आधी बॉल मिळवावा लागतो. पिरेसने टॅकल केलेला कोणी पाहिलाय का? फोटो असेल तर डकवा.

मडगांवकार | 11:15

उशिरा आलो, पण या धाग्यावर गोवेकराचा हक्क आहे.

पिरेसचे वडील पोर्तुगीज, आई स्पॅनिश, जन्म फ्रान्समधल्या रँसचा, 29 ऑक्टोबर 1973. आणि पिरीस हे आडनाव आमच्या गल्लीत तीन घरांवर आहे. पैकी एक बेकरीवाला. 2014 ला पहिली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली आणि हा एफसी गोवाचा मार्की (संघाचा नामांकित चेहरा) खेळाडू म्हणून आला तेव्हा बेकरीवाला सगळ्यांना सांगत सुटला, "आमचो पिरीस आयलो रे!" आठ दिवसांत तो त्याचा लांबचा चुलतभाऊ झाला होता.

फातोर्ड्याला मी त्या मोसमात चार मॅच पाहिल्या. खरं सांगतो, पळणं संपलेलं होतं. त्या ऑक्टोबरात तो 41 चा झाला, आणि त्याआधी ॲस्टन व्हिला सोडल्यापासून तीन वर्षं व्यावसायिक फुटबॉल नाही. ऑक्टोबरातला गोव्याचा दमटपणा आमच्याच पोरांना सोसत नाही, तिथे ह्याचं काय.

पण एक क्षण डोक्यातून जात नाही. बॉल डाव्या बाजूला त्याच्याकडे आला, पाठ आमच्या स्टँडकडे. मान वर न करता त्याने बुटाच्या बाहेरच्या अंगाने बॉल रेषेच्या कडेने पुढे सोडला. वजन इतकं नेमकं की बॉल कॉर्नर फ्लॅगच्या अलीकडे येऊन जवळजवळ थांबला. आणि तिथे कोणी नव्हतं. आमचा बॅक वीस यार्ड मागे उभा राहून बघत होता. माझ्या शेजारचे अंकल म्हणाले, "हांगा ॲशली कोल आसपाक जाय आशिल्लो." (कोल म्हणजे आर्सेनलमध्ये पिरेसच्या मागून वर पळणारा डावा बॅक.) लोक हसले, पिरेसने हात वर करून त्या पोराला "चुकलं माझं" अशी खूण केली. चूक त्याची नव्हती.

सदाशिवपेठी_स्ट्रायकर | 11:24

@मडगांवकार, क्या बात है.

त्याच मोसमात आमच्याकडे बालेवाडीला त्रेझेगे होता, एफसी पुणे सिटीकडून. मॅच बघायला गेलो तेव्हा वडिलांना समजावून सांगत होतो की हा माणूस कोण. 2 जुलै 2000, रॉटरडॅम, युरोची फायनल, फ्रान्स-इटली. इटली 1-0 ने पुढे, इटलीचा बाक हातात हात घालून शिट्टीची वाट बघतोय, आणि वाढीव वेळेच्या चौथ्या मिनिटाला फ्रान्सचा विल्टोर बरोबरी करतो. मग जादा वेळ. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, पहिला गोल झाला की खेळ खलास. 103 वं मिनिट: पिरेस डावीकडून आत घुसतो, मागे काढून देतो, त्रेझेगे डाव्या पायाने छतात. संपलं.

वडील म्हणाले, "मग तो पिरेस कुठेय?" म्हटलं, "गोव्याला." म्हणाले, "मग ह्याला इथे कशाला आणलं, दोघांना एकत्र तरी ठेवायचं."

आणि गंमत पुढे आहे. त्याच फायनलमध्ये इटलीकडून दोन सोपे चान्स घालवले देल पिएरोने. तो 2014 ला कुठे होता? दिल्लीकडे. म्हणजे एका युरो फायनलचे तीन साक्षीदार एकाच वर्षी भारतात, तीन गावांत.

नेरुळचा_नाका | 11:33

मुंबईला विसरलात. डी. वाय. पाटीलवर आमच्याकडे ल्युंगबर्ग आणि अनेल्का. आर्सेनलचा उजवा विंगर नेरुळला, डावा विंगर फातोर्ड्याला. आणि अनेल्का रेआल माद्रिदला विकला गेला म्हणूनच हेन्रीला जागा झाली. फक्त दहा वर्षं उशीर झाला, बाकी सगळं जुळलं होतं.

चौथा_रेफरी | 11:36

पिरेसची गोव्यातली दुसरी गोष्ट कोणी काढत नाहीये. कोलकात्याच्या मॅचला मध्यंतरात कोलकात्याचा प्रशिक्षक हबासशी झालेली झटापट. शिस्तपालन समितीने दोघांवरही बंदी घातली होती. मारलं कोणी, कोणाला, यावर तेव्हा आठवडाभर चर्चा.

मडगांवकार | 11:42

काढली नाही कारण त्या दिवसाचं दुखणं वेगळंच आहे. आम्ही 1-0 ने पुढे होतो, आणि कोलकात्याचे दोन्ही गोल कॅव्हिन लोबोने मारले. आमच्याच गोव्याच्या पोराने! बोगद्यात काय झालं ते गेलं खड्ड्यात. पुढे सेमीफायनललाही कोलकाताच आडवं आलं. दोन्ही लेग 0-0, आणि पेनल्टीवर गेलो. झिकोसारखा कोच, पिरेससारखा खेळाडू, आणि 210 मिनिटांत एक गोल नाही.

लॉरेनची_लेक | 18 मे, रात्री 12:50 (तुमच्याकडची)

मी गेली काही वर्षं कामानिमित्त फ्रान्समधल्या मेट्झला राहते, त्यामुळे इथली बाजू मांडते. आधी उच्चार. गावाचं नाव मेट्झ लिहितात, पण इथली माणसं म्हणतात "मेस". मला पहिल्या आठवड्यात कळेना की सगळे मेसबद्दल का बोलताहेत, जेवायची वेळ तर झाली नव्हती. आणि हो, आडनावाचा शेवट स्पष्ट "स" ने, इंग्लिश समालोचकांसारखा "पिरेझ" नाही. लिस्बनकडचे लोक शेवटी "श" करतात.

इथे पिरेस म्हणजे आर्सेनल नाही. माझ्या ऑफिसात साठीला टेकलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्या लेखी पिरेसची कारकीर्द मेट्झच्या संघात 1992 ला सुरू होऊन 1998 ला संपते. 1996 ला मेट्झने लियोंला पेनल्टीवर हरवून लीग कप जिंकला. आणि 1997-98 ला मेट्झ फ्रेंच लीग जवळजवळ जिंकलंच होतं. शेवटी लांस आणि मेट्झ दोघांचे 68 गुण, विजेता गोलफरकाने लांस. मेट्झने त्याआधी लीग कधी जिंकली नव्हती, त्यानंतरही नाही. त्यांच्यासमोर लांसचं नाव काढायचं नाही, हे मला पहिल्याच महिन्यात सांगण्यात आलं.

आता पुढचं बघा. त्याच उन्हाळ्यात वर्ल्डकप. 28 जूनला फ्रान्स-पराग्वे, बाद फेरी, आणि मैदान कुठलं? लांसचं! पराग्वेचा गोली चिलावेर्त काही केल्या गोल होऊ देत नाही. जादा वेळ संपत आली. मग पिरेसचा क्रॉस, त्रेझेगेने डोक्याने खाली पाडला, लोराँ ब्लाँचा गोल. वर्ल्डकपच्या इतिहासातला पहिला गोल्डन गोल. सदाशिवपेठी, म्हणजे रॉटरडॅमच्या दोन वर्षं आधीच ही जोडी कामाला लागली होती.

आमचे गृहस्थ मात्र म्हणतात, लांसच्या मैदानात त्याने चांगलं काही करायचंच होतं तर दोन महिने आधी करायचं.

निवांत_निखारा | 7:05

सहा वर्षं मेसमध्ये काढली म्हणजे माणूस कशालाही घाबरत नसणार.

खडूस_गनर | 7:20

घाबरायचा. 2000 च्या ऑगस्टमध्ये सुंदरलँडच्या मैदानात आर्सेनलची मोसमातली पहिली मॅच, हा बाकावर. ज्या ताकदीने तिथे टॅकल चालले होते ते बघून "मी कुठे आलो" असं वाटल्याचं त्यानेच नंतर सांगितलंय. पहिलं वर्ष त्याने घाबरतच काढलं. आमचा विंगर ओव्हरमार्स बार्सिलोनाला गेला, त्याच्या जागी हा आणला, आणि हायबरीवर (आर्सेनलचं तेव्हाचं मैदान) लोक म्हणायचे, वेगवान घोडा विकून शोभेचा मोर आणला.

टॉटनहॅमचा_एकटा | 8:10

मला या धाग्यावर यायचंच नव्हतं. पण "देखणा खेळाडू" वाचून राहवलं नाही.

13 सप्टेंबर 2003, पोर्ट्समथविरुद्ध. आर्सेनल 1-0 ने मागे. पिरेस पेनल्टीच्या पेटीत पोर्ट्समथच्या स्तेफानोविचच्या पायाकडे पाय नेतो आणि पडतो. पेनल्टी, हेन्रीचा गोल, 1-1. तुमचा तो न हरलेला मोसम त्या लोटांगणावर उभा आहे. पंढरपूरला घालतात तसं.

आणि आमच्याशी असलेलं वैर वेगळंच. ह्याला दुसरा संघ दिसतच नव्हता, गोल मारायचा तर आम्हालाच. 25 एप्रिल 2004 ला व्हाइट हार्ट लेनवर तुम्ही लीग जिंकलात, पहिला गोल व्हिएराचा, दुसरा ह्याचा. आमच्या घरात येऊन, आमच्या सोफ्यावर बसून, तुम्ही पेढे वाटलेत.

कोपऱ्यातला_बाक | 8:18

लोटांगण होतं. मान्य. 38 पैकी 37 मॅच मात्र उभ्यानेच खेळलो.

चौथा_रेफरी | 8:30

लाझान्याचं पण सांगून टाका, मन मोकळं होईल.

टॉटनहॅमचा_एकटा | 8:44

7 मे 2006. आम्ही चौथे, तुम्ही पाचवे, लीगचा शेवटचा दिवस, चौथ्याला चँपियन्स लीगचं तिकीट. आदल्या रात्री हॉटेलात आमच्या अर्ध्या संघाची पोटं बिघडली. आम्ही वेस्ट हॅमला हरलो, तुम्ही विगनला 4-2 हरवून चौथे. हायबरीवरची ती शेवटची मॅच, आणि पहिला गोल पुन्हा पिरेसचाच. नंतरच्या तपासात लाझान्या निर्दोष निघाली, विषाणूचा प्रकार होता. पण वीस वेळा सांगूनही माझा मेहुणा दर दिवाळीला मला विचारतो, "फराळ चालेल ना, की पोटाला?"

हिशेबनीस | 9:30

धागालेखकाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आठवण अशी का राहते.

माझ्या मते 2001-02 चा मोसम लोक नीट सांगत नाहीत. त्या वर्षी इंग्लंडमधल्या पत्रकारांनी त्याला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं, आणि मोसमाचे शेवटचे दोन महिने तो खेळलाच नव्हता. 17 मार्चला ॲस्टन व्हिलाच्या मैदानातला गोल शोधून बघा. लांब बॉल येतो, व्हिलाचा बोआतेंग अंगावर येतोय. पिरेस पहिल्या स्पर्शात बॉल त्याच्या डोक्यावरून उचलतो, पुढे जाऊन दुसऱ्या स्पर्शात गोली श्मायकेलच्या डोक्यावरून. बॉल मधल्या काळात नीट जमिनीवर बसत सुद्धा नाही. श्मायकेल मागे वळून बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो, कोणीतरी खिशातून पाकीट मारल्यावर येतो तो भाव असतो.

सहा दिवसांनी, 23 मार्चला, न्यूकॅसलविरुद्ध एफए कपात त्याने सुरुवातीलाच गोल केला. नंतर न्यूकॅसलच्या दाबिझासच्या टॅकलवरून उडी मारली, उतरताना गुडघा वळला. लिगामेंट तुटलं. मे महिन्यात हायबरीवर लीगचा चषक दिला तेव्हा सगळा संघ त्याच्यासमोर कमरेत वाकून "पाया पडण्या"चा आविर्भाव करत होता आणि हा लंगडत चषक उचलत होता. तो व्हिडिओ ज्याने पाहिलाय त्याला फायनलचं 18 वं मिनिट आठवायची गरज पडत नाही.

आणि फ्रान्स? 2002 च्या वर्ल्डकपला जगज्जेता म्हणून गेले. संघात इंग्लंड, इटली आणि फ्रान्स या तीन लीगचे टॉप स्कोअरर: हेन्री, त्रेझेगे, सिसे. सेनेगलकडून 0-1, उरुग्वेशी 0-0, डेन्मार्ककडून 0-2. तीन टॉप स्कोअरर आणि शून्य गोल. झिदान जखमी होता हे सगळे सांगतात. बॉल पुरवणारा दुसरा माणूस घरी गुडघ्याला पट्टी बांधून बसला होता, ते फार थोडे सांगतात.

त्यानंतर परत आला आणि लीगमध्ये सलग तीन मोसम 14, 14, 14 गोल. विंगर असून. 2003 चा एफए कपही त्याच्याच एकमेव गोलने, साउदम्प्टनविरुद्ध. पण लोकांना पेनल्टी हवी.

निवांत_निखारा | 9:41

पेनल्टी हवी. सांगा कोणीतरी, मला तो किस्सा माहीत नाही.

चौथा_रेफरी | 10:15

माझं खातं आलं. (जिल्हा पातळीवर आठ वर्षं शिट्टी फुंकली आहे.)

22 ऑक्टोबर 2005, हायबरी, मँचेस्टर सिटी. पिरेसने एक पेनल्टी आधीच मारून 1-0 केलेलं. दुसरी मिळाली. हेन्रीच्या डोक्यात किडा: आपण क्रॉइफसारखं करू. 1982 ला आयॅक्सच्या क्रॉइफने पेनल्टी गोलात न मारता बाजूला ओल्सनला दिली, ओल्सनने परत क्रॉइफला, क्रॉइफने रिकाम्या गोलात.

नियमात बसतं का? बसतं. पेनल्टीचा बॉल पुढच्या दिशेने जायला हवा, साथीदार मारण्याच्या क्षणी पेटीबाहेर हवा, आणि मारणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाल्याशिवाय बॉलला परत हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. बस.

पिरेस धावत आला, पायाचा तळवा बॉलच्या टाळूवरून नुसता घासला. बॉल जेमतेम थरथरला. हेन्री मागून सुसाट आलेला, त्याला मारायला काही नाही. पिरेस गोंधळून पुन्हा बॉलकडे वळला. तेवढ्यात सिटीचे खेळाडू धावून आले. रेफरी रायलीने सिटीला फ्री-किक दिली. दोनदा स्पर्श, असा हिशोब. सिटीचा दिस्तँ, तोही फ्रेंच, दोघांवर जाम उखडला होता.

मी त्या जागी असतो तर तीच शिट्टी दिली असती, पण हसू आवरून द्यावी लागली असती.

2016 ला मेस्सी-सुआरेझने हेच केलं, जमलं, जगाने टाळ्या वाजवल्या.

कोपऱ्यातला_बाक | 10:22

लक्षात घ्या, कल्पना हेन्रीची, नाव खराब पिरेसचं. आमच्या ऑफिसातही हीच पद्धत.

वृश्चिक_लग्न | 11:05

अवांतर, पण हवंच. फ्रान्सचा कोच रेमोँ दोमेनेक राशी बघून संघ निवडायचा अशी त्याची ख्याती. वृश्चिकेचे लोक त्याला चालत नाहीत म्हणे. पिरेस 29 ऑक्टोबरचा, म्हणजे वृश्चिक. 2004 नंतर फ्रान्सच्या संघातून जो गेला तो गेलाच. 79 मॅच, 14 गोल, पूर्णविराम. 2006 ची वर्ल्डकप फायनल फ्रान्स त्याच्याशिवाय खेळला.

हिशेबनीस | 11:12

खरं कारण सायप्रसच्या मॅचवरून दोघांचं बिनसलं हे आहे. राशीचं मीठमसाला जास्त.

पंचांगवाले_आप्पा | 11:40

आधी मुद्दा दुरुस्त करतो. तुम्ही म्हणता ती पाश्चात्यांची सायन सूर्यरास. आपल्या निरयन गणिताने 29 ऑक्टोबरला सूर्य तूळ राशीत असतो, वृश्चिकेत तो नोव्हेंबरच्या मध्यावर जातो. म्हणजे दोमेनेकने दाते पंचांग वापरलं असतं तर पिरेस 2006 चा वर्ल्डकप खेळला असता.

निवांत_निखारा | 11:43

आप्पांना उत्कृष्ट प्रतिसादाचा पुरस्कार. धागा इथेच थांबवायला हरकत नाही.

लॉरेनची_लेक | 2:30

आप्पा, हे मी ऑफिसात भाषांतर करून सांगितलं. गृहस्थ पाच मिनिटं हसले, मग गंभीर होऊन विचारलं, "1998 मध्ये लांसची रास कुठली होती?"

पाटी_पेन्सिल | 4:10

मूळ प्रश्नाला हात घालतो, कारण रात्रीपासून लाझान्या, पंचांग आणि मेस झाली, 18 वं मिनिट राहिलं.

आर्सेनलची रचना 4-5-1. मागे एबुए, टूरे, कॅम्पबेल, कोल. मध्ये उजवीकडे हेब, डावीकडे पिरेस, आत जिल्बेर्तो, फाब्रेगास आणि ल्युंगबर्ग. पुढे एकटा हेन्री. बचावातला कोणी काढता येत नाही, समोर रोनाल्डिन्यो आणि एतो आहेत. हेन्री काढणं शक्य नाही. जिल्बेर्तो हाच एक खरा भिंतीसारखा मधला. राहिले चौघे.

ल्युंगबर्ग दोन माणसांचं पळतो. हेब बॉल घेऊन तीस यार्ड पुढे नेतो, दहा जण असताना तीच सुटका. फाब्रेगास 19 चा, पाय ताजे. पिरेस 32 चा. त्याचा सगळा खेळ दुसऱ्यांच्या पळण्यावर उभा: कोल बाहेरून गेला की हा आत येणार, हेन्री डावीकडे सरकला की हा त्याच्या जागेत. दहा जण झाल्यावर कोल वर जाणारच नाही. म्हणजे पिरेस होता तसाच राहिला, पण त्याच्या भोवतालचा पिरेसला लागणारा संघ त्या शिट्टीबरोबर संपला.

मडगांवकारने फातोर्ड्याचा पास सांगितला ना, तेच. बॉल बरोबर जागी जाणार आणि तिथे कोणी नसणार.

म्हणून डोक्याने विचारलं तर वेंगर बरोबर. पण 74 व्या मिनिटाला फाब्रेगासला काढून फ्लामिनी, आणि दोनच मिनिटांत एतोचा गोल, मग बेलेटीचा, दोन्ही लार्सनच्या पासवर. त्या वेळी बाकावर एक थकलेला, पण बॉल न घालवणारा माणूस हवा होता. बर्गकँप होता. त्यालाही आणलं नाही. त्याचीही ती शेवटचीच.

कोपऱ्यातला_बाक | 4:25

डोक्याने पटलं. तरी वाटतं की लेमनला लाल कार्डच नको होतं. बार्सिलोनाच्या जिउलीने पुढच्याच क्षणी गोल मारला होता. रेफरी हाउगेने ॲडव्हांटेज दिला असता, म्हणजे शिट्टी न मारता खेळ चालू ठेवला असता, तर 0-1, अकरा जण, पिरेस मैदानात. ते परवडलं असतं.

चौथा_रेफरी | 4:33

हाउगेनेही नंतर मान्य केलंय की थोडं थांबायला हवं होतं. शिट्टी तोंडात असली की थांबणं अवघड असतं, अनुभवाने सांगतो.

खडूस_गनर | 5:02

सकाळपासून कडक बोललो म्हणून एक सांगतो. तो क्लब सोडून गेला याचं कारण नुसती फायनल नाही. तिशी उलटलेल्याला आर्सेनल एकाच वर्षाचा करार द्यायचं, स्पेनच्या विलारेआलने दोन वर्षांचा दिला. ज्या विलारेआलला सेमीफायनलमध्ये आम्ही हरवलं, आणि तेही कसं, शेवटच्या मिनिटाला रिकेल्मेची पेनल्टी लेमनने अडवून. म्हणजे लेमननेच पिरेसला फायनलला नेलं, आणि लेमननेच बाहेर काढलं.

स्पेनला गेल्या गेल्या पुन्हा गुडघा. पुन्हा महिनोन्महिने बाहेर. लोक म्हणाले संपला. 2007-08 ला विलारेआल लीगमध्ये दुसरं आलं. तिसरं कोण, तर बार्सिलोना. मी आर्सेनलवाला असून त्या दिवशी विलारेआलचा तक्ता छापून कपाटावर लावला होता. आई म्हणाली हे कुठलं टाइमटेबल.

टॉटनहॅमचा_एकटा | 5:10

हा प्रतिसाद वाचून मला पिरेस आवडायला लागला तर जबाबदार कोण?

उशिराची_लोकल | 9:45

सगळ्यांचे आभार. पाटी_पेन्सिलचं पटलं, नाइलाजाने. हिशेबनीसांनी सांगितलेला व्हिलाचा गोल आज सात वेळा पाहिला, सातव्यांदा फक्त श्मायकेलकडे बघितलं. पाकिटाचं अगदी खरं आहे.

मामाला फोन करून धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, पिरेसचं जाऊ दे, त्या रात्री टॉर्च पंख्यावर मारून मारून माझे सेल संपवलेस, पहाटे मोटार चालू करायला मी मळ्यात अंधारात गेलो.

चौथा_रेफरी | 9:52

मामाकडे टॉर्च होता तर रेडिओ नव्हता का? निदान लाल कार्ड कोणाला ते तरी कळलं असतं.

उशिराची_लोकल | 9:58

होता की. रेडिओचेच सेल काढून टॉर्चमध्ये घातले होते.